नदीजवळचं घर घ्यायचंय, विमा मिळतोय म्हणजे काळजी नाही असं समजायचं का?

पागोळी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज स्वतः विचारायची वेळ आली. आम्ही घर शोधतोय आणि दोघांच्या पगारात बसेल असं एक सापडलंय, बैठं, मागे थोडी मोकळी जागा, उजेड भरपूर आणि नदी चार-पाच मिनिटांच्या चालीवर. किंमत आजूबाजूच्या मानाने बरीच कमी आहे, तिथेच पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. विकणारे म्हणतात आमच्या काळात एकदाही पाणी आलं नाही. कागद व्यवस्थित आहेत, बांधकाम परवानगी आहे, बँक लोन द्यायला तयार आहे, विमा एजंटही म्हणतोय पॉलिसी मिळेल, थोडा प्रीमियम जास्त पडेल इतकंच.

पण दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा शेजारच्या जुन्या घरातल्या आजींनी पाणी प्यायला आत बोलावलं, आणि बसल्याबसल्या माझं लक्ष भिंतीकडे गेलं. त्यांच्या घरातले सगळे प्लग पॉइंट माझ्या खांद्याच्या उंचीवर आहेत. एकही खाली नाही. फ्रिज विटांच्या ओट्यावर ठेवलाय. परत येऊन आमच्या पसंतीच्या घरात बघितलं तर तिथे प्लग नेहमीसारखे खालीच, पण कमरेपर्यंतचा रंग वरच्यापेक्षा नवा दिसतोय आणि सिंकखालच्या कपाटाचं प्लायवूड बुडाशी फुगलेलं. आजींना काही विचारायचा धीर झाला नाही.

तर माझा प्रश्न असा की विमा कंपनी पॉलिसी देतेय म्हणजे त्यांनी धोका तपासलाच असेल ना? आणि जागा खरंच पुरातली असेल तर मग परवानगी दिली कशी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

उंबरठा:
पागोळीताई, तुम्ही प्लग पॉइंट बघितलेत हे फार बरं केलंत. आमच्या घरात पाणी शिरलं त्याला आता काही वर्षं झाली, पण त्यातलं जे शिकलो ते इथे लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमच्याकडेही विमा होता, लोनसोबत बँकेनेच काढायला लावलेला. मी ती पॉलिसी एकदाही उघडून वाचली नव्हती. पाणी ओसरल्यावर वाचली तेव्हा कळलं की विमा फक्त इमारतीचा आहे, आतल्या सामानाचा नाही, आणि रक्कमही लोनएवढीच, घर परत उभं करायला जेवढी लागेल तेवढी नाही. बँकेला तिच्या पैशाची काळजी होती आणि तेवढीच तिने घेतली, चूक आमची की आम्हाला तो आमचा विमा वाटत होता.

दुसरा फटका कमी रकमेचा. घर नव्याने बांधायला १०० लागणार असतील आणि तुम्ही विमा ६० चाच काढला असेल तर कंपनी म्हणते की ४० टक्के धोका तुम्ही स्वतःकडेच ठेवला होता. मग नुकसान ३० चं झालं तरी हातात १८ येतात. आमचं नेमकं हेच झालं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने शांतपणे कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं आणि मला भांडायलाही जागा राहिली नाही, कारण पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

आणि लोकांना वाटतं पाणी आलं, पाणी गेलं, घर पुसून घेतलं की झालं. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो वायरिंगच्या पाइपात शिरतो, दाराच्या चौकटीमागे बसतो, फरशीखालून वर येत राहतो. आमच्याकडे पाणी अठरा तास होतं, गाळ निघायला तीन आठवडे लागले आणि भिंती आतून सुकायला पुढचा उन्हाळा उजाडला. त्या घाईत आम्ही भिजलेल्या गाद्या, कपाटं, पुस्तकं सगळं रस्त्यावर टाकून दिलं, फोटो न काढता. सर्व्हेअर सहाव्या दिवशी आला तेव्हा दाखवायला रिकामी खोली होती. कुणावर ही वेळ आली तर हात लावायच्या आधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, रेषेला मोजपट्टी लावून काढा.

वजाबाकी:
मी विमा क्षेत्रात काम करते, कुठे ते महत्त्वाचं नाही. पागोळीताईंच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही. पॉलिसी मिळाली म्हणजे जागा सुरक्षित आहे असं अजिबात नाही.

बघा, पॉलिसी बहुतेक ठिकाणी एका वर्षाची असते. तुम्ही वीस-तीस वर्षांचं लोन घेता, घरात त्याहून जास्त राहता, पण कंपनी तुम्हाला शब्द देते तो पुढच्या बारा महिन्यांचा. पुढच्या वर्षी प्रीमियम दुप्पट करायचा की नूतनीकरणच नाकारायचं, ते ती पुढच्या वर्षी ठरवते. तुम्हाला जागा सोडता येत नाही, तिला येते. हा फरक घर घेताना कुणी समजावून सांगत नाही.

आणि कंपन्या का सोडून जातात तेही लिहिते. साधी आग लागली तर एक घर जळतं, हजारो लोकांच्या प्रीमियममधून त्याची भरपाई होते. पूर, भूकंप, चक्रीवादळ, वणवा यांत एकाच दिवशी हजारो घरं जातात, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे गोळा करायचे तेच सगळे एकदम क्लेम घेऊन उभे राहतात. म्हणून विमा कंपनी स्वतःचाही विमा काढते, त्याला पुनर्विमा म्हणतात, आणि जगात कुठेही मोठी आपत्ती आली की तो महागू शकतो, त्याचा भार शेवटी तुमच्या प्रीमियमवर येतो. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ आलं तेव्हा फ्लोरिडात काही विमा कंपन्या अक्षरशः बुडाल्या. त्यानंतर तिथे वादळाची वजावट वेगळी झाली, ठरावीक रकमेऐवजी घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत, म्हणजे नुकसानाचा पहिला मोठा घास घरमालकाचाच.

कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदानाने कायदा केला, प्रोपोझिशन १०३, की दर वाढवायच्या आधी कंपनीने सरकारी मंजुरी घ्यायची. ग्राहकासाठी चांगलाच कायदा. पण वणवे वाढत गेले आणि दर ठरवताना मागच्या वर्षांचं नुकसानच बघायचं, पुढच्या धोक्याचं मॉडेल वापरायचं नाही, असं कितीतरी वर्षं चाललं. मे २०२३ मध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने, स्टेट फार्मने, नवीन घरविमा घेणंच थांबवलं. लोक मग फेअर प्लॅनकडे वळले, म्हणजे ज्यांना कुणी घेत नाही त्यांच्यासाठीची शेवटची सोय, कमी संरक्षण आणि बऱ्याचदा जास्त पैसे. आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत १६ हजारांहून जास्त बांधकामं गेली.

दर दाबून ठेवले तर कंपनी जाते, मोकळे सोडले तर माणूस विमा सोडतो. दोन्हीकडून घर उघडंच पडतं. म्हणून मी इतकी वर्षं या कामात राहून म्हणते की प्रीमियमवर भांडून हा प्रश्न सुटत नाही, तो त्याच्या खूप आधी, जागेवर काय बांधायचं हे ठरतं तिथे सुटतो किंवा बिघडतो.

चौकट:
वजाबाकी यांना पूर्ण अनुमोदन. माझी बरीच वर्षं आराखडे आणि लेआउटच्या फायली बघण्यात गेली त्यामुळे पागोळीताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं लांबच लिहितो.

आधी तो शंभर वर्षांचा पूर. लोकांना वाटतं एकदा आला की आता शंभर वर्षं निवांत. त्याचा खरा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण तीस वर्षांच्या लोनमध्ये एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता २६ टक्के होते. पंचवीस वर्षांचा पूर धरला तर दरवर्षी ४ टक्के आणि तीस वर्षांत सुमारे ७१ टक्के, म्हणजे येणारच असं धरून चालावं. आपल्याकडे महाराष्ट्रात निळी रेषा आणि लाल रेषा ऐकली असेल, निळी साधारण पंचवीस वर्षांच्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई, आणि लाल शंभर वर्षांच्या पुराची, मधल्या पट्ट्यात जोतं उंच ठेवून वगैरे अटींवर परवानगी. घर त्या मधल्या पट्ट्यात असेल तर परवानगी खरी असते आणि धोकाही खरा असतो. परवानगी आहे म्हणजे पाणी येणार नाही असं त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, पण घेणारा माणूस तसंच वाचतो.

आता ही रेषा काढतात कशी, तर मागच्या अनेक वर्षांचा पाऊस आणि नदीची पातळी बघून. पण रेषा काढल्यावर नदीच्या वरच्या अंगाला शेतं जाऊन वस्ती झाली, माती जाऊन काँक्रीट आलं, तर तेवढ्याच पावसाचं पाणी आता जास्त वेगाने आणि एकदम खाली येतं. नकाशावर रेषा तिथेच आणि पाणी पुढे.

भराव हा तर मोठाच विषय. सखल प्लॉटवाला मीटरभर भराव टाकतो, त्याचं घर कागदोपत्री पातळीच्या वर जातं. पण तिथे साठणारं पाणी कुठेतरी जाणारच ना, ते शेजारच्या जुन्या घरात जातं. मग तो भराव टाकतो, मग त्याच्या पलीकडचा. शेवटी गल्लीतलं सगळ्यात जुनं घर सगळ्यात खोल होऊन बसतं, ज्याने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. प्रत्येक फाइल वेगळी बघितली तर प्रत्येक नियमात बसते. सगळ्या एकत्र मांडल्या तर नदीची जागा भरून टाकलेली दिसते. आणि एकत्र मांडून बघण्याची सक्ती कुणावर नसते, हे माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

अजून एक, नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशोबाने केलेली होती. त्या दिवशी नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या घरातही पाणी होतं.

मुक्काम_पोस्ट:
चौकट सर, तुमचं सगळं पटतंय तरी एक विचारते, राग मानू नका. आम्ही अशाच पट्ट्यात राहतो. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा कुठली रेषा नव्हती, परवानगी रीतसर घेतली, कर भरतोय. आता नवा नकाशा आला आणि आमचं घर रेषेच्या आत गेलं. एका दिवसात घराची किंमत पडली, विमा महागला आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. आमचं सगळं आयुष्य त्या चार भिंतींत आहे. वरती धोका ओळखून मग जागा घ्या असं म्हटलंय ते नवीन घर घेणाऱ्याला ठीक आहे. जो आधीच तिथे आहे त्याने काय करायचं? सखल भागात बहुतेक करून कोण राहतं तर ज्याला उंचावरची जागा परवडत नाही तो. त्यालाच जास्त प्रीमियम लावायचा हा कुठला न्याय?

उंबरठा:
मुक्काम_पोस्ट, तुमचं दुखणं मला नेमकं कळतं. आम्ही पण विकायचा विचार केला होता, आणि मग लक्षात आलं की खरं सांगून विकलं तर लोन फिटत नाही आणि लपवून विकलं तर पुढच्याला आपण तेच करणार जे आपल्याला झालं. नाही विकलं.

वजाबाकी:
हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि यावर काही देशांनी मनापासून काम केलंय, म्हणून थोडं तिकडचं लिहिते.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून फ्लड री म्हणून योजना आहे. सगळ्या घरविमा कंपन्यांकडून वर्गणी घ्यायची आणि त्यातून पुराचा धोका जास्त असलेल्या घरांचा पुराचा भाग स्वस्तात उचलायचा. म्हणजे उंचावरचा माणूस सखल भागातल्याला थोडा हातभार लावतो. पण त्यात एक अट आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं घर यात बसत नाही. जे आधीपासून राहतायत त्यांना आधार द्या, पण त्या आधाराच्या भरवशावर बिल्डरने पुरातल्या जागेवर नवीन घरं बांधून विकू नयेत. आणि योजना कायमची नाही, २०३९ ला संपायची आहे, तोवर घरं आणि शहरं सुधारून घ्यायची असा विचार. तिथे आता बऱ्याच कंपन्या क्लेम देताना घर होतं तसंच करून देण्याऐवजी जास्तीचे पैसे देऊन पुराला टिकेल असं करू देतात, म्हणजे प्लग वर घेणं, लाकडी जमिनीऐवजी फरशी, पाणी अडवणारी दारं. पागोळीताईंच्या शेजारच्या आजींनी स्वतःच्या खिशातून केलं तेच.

याच्या उलट अमेरिकेचा अनुभव. तिथे साध्या घरविम्यात पूर नसतो, १९६८ पासून पुरासाठी सरकारी योजना आहे. हेतू चांगलाच होता, स्वस्त विमा द्या आणि बदल्यात गावांनी बांधकामाचे नियम पाळावेत. पण दर खऱ्या धोक्याच्या खाली राहिले, पुन्हापुन्हा बुडालेली घरं पुन्हापुन्हा त्याच जागी उभी राहिली आणि योजनेवर एवढं कर्ज चढलं की २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलरचं कर्ज संसदेला माफ करावं लागलं. २०२१ पासून त्यांनी दर नकाशाच्या पट्ट्यावर न ठरवता प्रत्येक घराचं पाण्यापासूनचं अंतर, उंची आणि परत बांधायचा खर्च बघून ठरवायला सुरुवात केली, आणि बहुतेकांसाठी वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही अशी कायद्याची मर्यादा आहे. योग्य आहे, पण ज्यांनी जुन्या दराच्या भरवशावर घर घेतलं त्यांच्यावर ते हळूहळू येतंच आहे.

तिथे कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी २००५ मध्ये तर लोकांची घरं अशी गेली की फक्त जमिनीवरचा काँक्रीटचा थर उरला, आणि मग वाद की घर वाऱ्याने गेलं की पाण्याने. वाऱ्याचा विमा एकाकडे, पाण्याचा दुसरीकडे. ज्याच्याकडे पाण्याचा नव्हता त्याने उभ्या नसलेल्या घराबद्दल सिद्ध करायचं की आधी वारा आला. म्हणून पॉलिसीत कुठली आपत्ती आहे आणि कुठली वगळली आहे ते ओळ न् ओळ वाचा.

आपल्याकडचं सांगायचं तर १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पूर, भूकंप, दरड हे मुळातच धरलेलं असतं, आणि घराचं क्षेत्रफळ वगैरे खरं सांगितलेलं असेल तर उंबरठा यांच्यासारखी कमी रकमेची कपात होत नाही. हे खूप लोकांना माहीत नाही.

दगडी_पायरी:
धागा वाचनखुणांत टाकला. मी अभ्यासक नाही, पण मुक्काम_पोस्ट यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू मांडतो. काही जागा अशा असतात की तिथे कितीही प्लग वर घेतले तरी उपयोग नाही, तिथून माणूस उठवावाच लागतो. प्रश्न एवढाच की तो कसा उठवायचा.

न्यूझीलंडमध्ये २२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला, १८५ माणसं गेली. तिथे नदीकाठची जमीनच अशी पातळ झाली की वाळू आणि पाणी फरशी फोडून वर आलं, घरं कलली. सरकारने मोठा पट्टा लाल ठरवला, तिथे परत बांधायचं नाही, आणि सुमारे ८ हजार घरमालकांना भूकंपाच्या आधीच्या, २००७ च्या सरकारी मूल्यांकनाने पैसे देऊ केले. लोकांना निदान नवीन सुरुवात करता आली. अर्थात सगळं गोड नव्हतं. ज्यांचा विमा नव्हता त्यांना कमी देऊ केलं आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण त्या देशात १९४५ पासून भूकंपाचा सरकारी विमा खासगी पॉलिसीलाच जोडलेला होता म्हणून बहुतेकांकडे विमा तरी होता. नाहीतर एवढी माणसं एकदम कुठे गेली असती?

चौकट:
दगडी_पायरी, उत्तम उदाहरण. मी नेदरलँडचं जोडतो, कारण नियोजनाचं यापेक्षा चांगलं मला माहीत नाही. १९५३ च्या पुरात तिथे १८०० च्या वर माणसं गेली, त्यानंतर त्यांनी प्रचंड बंधारे बांधले. बंधारा बांधला की माणसाला निर्धास्त वाटतं, मग बंधाऱ्यामागे आणखी वस्ती येते आणि कधी बंधारा तुटायची वेळ आली तर आधीपेक्षा कितीतरी जास्त घरं पाण्यात. १९९३ ला आणि मग १९९५ ला नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. तेव्हा त्यांनी विचार बदलला. बंधारे आणखी उंच करत बसण्याऐवजी नदीला तिची जागा परत द्यायची. नायमेखेन शहरासमोर बंधारा साडेतीनशे मीटर मागे नेला, नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. त्यासाठी काही घरं पाडावी लागली, लोकांशी वर्षानुवर्षं बोलणी झाली, पण ती आधी झाली, पुरानंतर नाही.

आणि गंमत नाही, गांभीर्याने सांगतो, तिथे मोठा बंधारा फुटून येणारा पूर साध्या घरविम्यात सहसा नसतो. त्यांचा खरा विमा म्हणजे तो बंधारा आणि ती मोकळी जागा, ज्याचे पैसे सगळे मिळून भरतात.

ओलं_सरपण:
वणव्यांचा मुद्दा मागे राहिला म्हणून लिहितो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळलं, त्या आगीत ८५ माणसं गेली. गाव डोंगरसोंडेवर, बाहेर पडायचे रस्ते मोजके, सगळे एकदम निघाले आणि अडकले. परवानग्या घर बघून दिल्या होत्या, सगळं गाव एका सकाळी बाहेर काढायचं झालं तर काय याचा विचार पुरेसा नव्हता. रस्ता हा पण घराच्या सुरक्षिततेचा भाग आहे हे विमा फॉर्मवर कुठे येतं?

दुसरं म्हणजे घर ज्वाळांपेक्षा उडणाऱ्या ठिणग्यांनी जास्त पेटतं, छताखालच्या हवेच्या जाळीतून एक निखारा माळ्यावर गेला की संपलं. जाळी बारीक करणं, भिंतीलगतचा पाच फुटांचा पट्टा रिकामा ठेवणं, तिथे झुडपं, लाकडं नकोत, यात फार खर्च नाही. पण घरं दाटीने असतील तर एकट्याने करून भागत नाही, शेजारचं घर पेटलं की त्याची धग तुमची खिडकी फोडते. कॅलिफोर्नियात २०२२ पासून अशा सुधारणा केल्या तर कंपनीने सूट द्यायची असा नियम केलाय, त्यात पूर्ण वस्तीने मिळून केलं तर त्याचीही सूट आहे. हे मला फार आवडलं.

मुक्काम_पोस्ट:
सगळ्यांचे आभार. त्या २००९ च्या अटीने मला विचार करायला लावलं. आमच्या मागच्या बाजूला आत्ताही नवीन प्लॉट पडतायत, भराव सुरू आहे, रात्री डंपर येतात. मी इतके दिवस फक्त आमच्या प्रीमियमबद्दल चिडत होते. तो भराव झाला की पाणी आमच्याकडे येणार हे चौकट सरांचं वाचून पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं. सर, याला हरकत कशी घ्यायची?

चौकट:
विकास आराखडा किंवा त्यातला बदल प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते, ती चुकवू नका. एकट्याने देऊ नका, गल्लीतले सगळे मिळून द्या, आणि भावनेने लिहिण्याबरोबर आकडे द्या. मागच्या पुरात कुठल्या घराला किती फुटांपर्यंत पाणी होतं, ते किती तास राहिलं, कुठून शिरलं. उंबरठा यांनी सांगितलेला मोजपट्टीचा फोटो इथे सोन्यासारखा कामी येतो. भराव आत्ताच सुरू असेल तर तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, परवानगीत भरावाची पातळी किती आहे ते माहितीच्या अधिकारात मागा.

आणि पागोळीताई, जपानमध्ये ऑगस्ट २०२० पासून घर विकताना किंवा भाड्याने देताना एजंटने पुराच्या धोक्याचा नकाशा काढून तुमचं घर त्यात कुठे आहे ते व्यवहाराआधी दाखवायचं असा नियम आहे. तसं तुम्हाला कुणी दाखवणार नसेल तर तुम्ही स्वतः करा. पूररेषेचा नकाशा बघा, रस्त्याच्या मानाने जोत्याची उंची मोजा, नाला कुठून जातो ते पायी फिरून बघा. आणि त्या आजींना विचारा. कुठल्याही मॉडेलपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

पागोळी:
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, दोन रात्री बसून पुन्हापुन्हा वाचलं.

काल एकटीच गेले होते. आजींना सरळ विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या, आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवला. तिथे खिळ्याने कोरलेल्या तीन रेघा आहेत, सगळ्यात वरची माझ्या छातीपर्यंत. म्हणाल्या, पहिल्या दोन जवळजवळ एकाच उंचीच्या, त्यात अंतर वीस-बावीस वर्षांचं. तिसरी वर गेली ती पलीकडे भराव पडून कॉलनी झाल्यावर. दुसऱ्या वेळी प्लग वर घेतले, तिसऱ्या वेळी फ्रिजचा ओटा बांधला. विकणाऱ्यांनी ते घर तिसऱ्या पुरानंतर घेतलंय, त्यामुळे ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या काळात खरंच पाणी आलेलं नाही.

त्यांना फोन करून आमचा नकार कळवलाय. त्यांना रेघांबद्दलही सांगितलं, कारण त्यांची विमा पॉलिसी पण लोनपुरतीच आहे असं बोलताबोलता कळलं. आधी चिडले, मग थोड्या वेळाने त्यांचाच परत फोन आला, सामानाचा विमा वेगळा मिळतो का विचारत होते. वजाबाकीताई, त्यांना तुमची वरची पोस्ट पाठवली तर चालेल ना?

आजींच्या परवानगीने चौकटीचा फोटो काढलाय, मोजपट्टी लावून. मुक्काम_पोस्ट, हरकत लिहिताना चौकट सरांनी सांगितलेले तास आणि फूट कसे मांडायचे ते ठरलं की मला पण सांगा. आजींच्या गल्लीत पाच घरं जुनी आहेत, रविवारी त्या मला सगळीकडे घेऊन जाणार आहेत.